मालगाडीने जायची घरं

कोयनेकडे भूकंप झाला तेव्हा आमच्या वऱ्हाडातल्या मलकापुरात वाटीसुद्धा हलली नव्हती. पण पेपर आला, बातमी वाचून झाली, आणि दुपारपर्यंत निम्म्या गावाला आपल्याकडचा भूकंप आठवायला लागला. कुणाची खाट सरकली होती, कुणाच्या म्हशीने धार दिली नव्हती. बाजारातला एक किराणावाला तर शपथेवर सांगत होता की त्याच्या तराजूचं पारडं आपोआप खाली गेलं. माझे वडील म्हणाले, ते पारडं गेली वीस वर्षं आपोआपच खाली जातंय, त्याला भूकंप कशाला पाहिजे.

वडील स्टेशनात पार्सलबाबू होते. आमचं क्वार्टर रुळांपासून पन्नास पावलांवर. मालगाडी गेली की मांडणीवरची पातेली किणकिणायची, देवाजवळची घंटी आपली आपण वाजायची आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं व्हायचं. आई जाता जाता ते सरळ करायची. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. गाडीला उशीर झाला तर मात्र घरात चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

अशा घराच्या शेजारी ती मुलगी राहायला आली. तिचे मामा म्हणजे आमच्या पलीकडच्या क्वार्टरातले, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. भूकंपात तिचं घर पडलं होतं आणि धाकटा भाऊ गेला होता. आई आधीच वारलेली, वडील तिकडे धरणाच्या कामावर. म्हणून मामांनी तिला इकडे आणलं. जमीन हलत नाही अशी हजार गावं असताना पोरीला नेमकं दर तासाला हलणाऱ्या घरात आणून ठेवलंय, हे मामांच्या तर नाहीच, पण आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पहिल्याच संध्याकाळी मालगाडी गेली आणि ही हातात भाकरी घेऊन अंगणात पळाली. गाडी जाईपर्यंत तिथेच उभी राहिली, मग आत जाऊन उरलेली भाकरी खाल्ली. आम्ही पोरं पोट धरून हसलो. मी सगळ्यात जास्त हसले, हे आता सांगून टाकलेलं बरं.

शाळेत तिला चौथीत, माझ्या शेजारच्या बसकरावर बसवलं. आमची जागा दारालगत. दिवस पौषाचे, त्यात शाळा सकाळची. चौथीला हेडमास्तर स्वतः शिकवत. माणूस सज्जन, पण शिस्त दारापासून सुरू होते असं त्यांचं ठाम मत. घंटा झाली की ते दार लावून घेत. ते वळून फळ्यापाशी पोचेपर्यंत ही उठायची, दार उघडायची आणि जागेवर येऊन बसायची. ते पुन्हा लावायचे, ही पुन्हा उघडायची. रडणं नाही, भांडणं नाही, उलट उत्तर नाही. छडी खायला पुढे बोलावलं की शांतपणे जायची, छडी खायची आणि परत येताना वाटेत दार उघडून यायची.

त्या दारातून येणारा वारा थेट माझ्या कानात शिरायचा. मी महिनाभर कानात तेलाचा बोळा घालून शिकले आणि तिच्या नावाने दात-ओठ खाल्ले. एकदा न राहवून विचारलं, "काऊन उघडून राह्यली वं सारखं सारखं?" ती म्हणाली, "मला लागतंय." जणू मी तिला पाणी का पितेस असं विचारलं होतं.

शेवटी हेडमास्तरांनी मामा-मामींना बोलावून घेतलं. यापुढे वर्ग किंवा शाळेचा कार्यक्रम चालू असताना या मुलीने एकदा जरी दार उघडलं तर पटावरून नाव कमी, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांनी सांगितलेलं ते कधी मागे घेत नसत. मामा कसनुसे झाले. मामी फारशी कसनुशी झाली नाही. तिचं तान्हं होतं, ते सांभाळायला घरात कोणीतरी हवंच होतं. मुलीला मात्र शाळा हवी होती. भावाला सांभाळण्यात तिची दोन वर्षं बुडाली होती, तिला जोडाक्षरं येत नव्हती आणि वडिलांना पत्र लिहिण्याइतपत तरी लिहिता यावं एवढा एकच हट्ट तिने धरला होता. रोज सकाळी शिपाई कुलूप काढायला यायचा तेव्हा ती पायरीवर बसलेली असायची.

अशातच वरून पत्रक आलं की भूकंपग्रस्त मुलांचं मन रमावं म्हणून ठिकठिकाणच्या शाळांतल्या मुलांनी चित्रं काढून पाठवावीत. हेडमास्तरांनी विषय ठरवला, "माझ्या भावंडांसाठी घर". साठ मुलं, साठ कागद, साठ घरं. आधी प्रदर्शन, मग पहिल्या चित्राला बक्षीस, मग सगळी घरं पार्सलने तिकडे रवाना. बक्षीस होतं रंगीत पेन्सिलींचा डबा. तो हेडमास्तरांच्या कपाटात काचेमागे ठेवला होता आणि मी दिवसातून चारदा तिथून ये-जा करत होते.

त्या मुलीला कागद मिळाला नाही. तिने मागितला होता. पण ती स्वतः भूकंपग्रस्त, म्हणजे घेणाऱ्यांपैकी. देणाऱ्यांत तिला कसं धरायचं, असा प्रश्न निघाला. मास्तर मंडळींनी मधल्या सुट्टीत चहा पीत त्यावर विचार केला आणि न्याय असा लावला की तिला स्टेजवर खुर्ची द्यावी, हार घालावा आणि सगळी घरं तिला दाखवावीत. मलकापुरात भूकंपग्रस्त असं एकच मूल होतं, ते वाया जाऊ नये.

रंगांची अडचण निघाली. मग पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणाऱ्याकडचे उरलेले डबे आले. तांबडा, हिरवा, निळा. सगळी घरं बैलाच्या शिंगांसारखी चकचकीत झाली आणि आठवडाभर वाळली नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते शाळेतलं एक साधं चित्रप्रदर्शन झालं असतं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं आणि माझं चित्र वाळत घातलेलं आईने बायकांना दाखवलं. बायकांनी ते खालीवर करून पाहिलं. दार, खिडकी, कौलं, आत काहीच नाही. आई म्हणाली, "रिकामा डबा आपन कोनाच्या घरी धाडत नाई, अन् संक्रांतीच्या दिवसांत रिकामं घर धाडता?"

प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या आया पोरांच्या मानगुटीवर बसल्या आणि घरं भरायला लागली. चूल आली, जातं आलं, ज्वारीची कणगी आली. तिकडचे लोक ज्वारी खातात की भात, यावर दोन दिवस वाद झाला आणि तडजोड म्हणून दोन्ही काढायचं ठरलं. लोणच्याच्या बरण्या दारापेक्षा मोठ्या निघाल्या. एकाच्या घरात खाली जागा उरली नाही म्हणून म्हैस माडीवर चढवली. पिंजाऱ्याची मुलगी आमच्या वर्गात होती. तिच्या अब्बांनी विचारलं की थंडीत लेकरं झोपणार कशावर, आणि खरा कापूस खळीने चिकटवून तिच्या घरात गादी घातली. माझ्या घरात सगळं काढून झालं तरी आईचं समाधान होईना. नुसत्या भांड्याकुंड्यांनी घर भरत नसते, म्हणाली. म्हणून मी खिडकीत एक बाळ काढलं. ते मला इतकं छान जमलं की रंगीत पेन्सिलींचा डबा मला काचेतून बाहेर येताना दिसायला लागला. माझं पाहून आणखी पाच-सहा जणांनी आपापल्या खिडकीत माणसं बसवली.

भरलेली घरं पाहून वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचा सगळा जन्म पार्सल ऑफिसात गेला होता. तुपाचे डबे वाटेत कसे हलके होतात, संत्र्यांच्या करंड्या कशा अर्ध्या पोचतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. भुसावळच्या पुढे आपलं काही चालत नाही, हे ते देवाधर्माच्या गोष्टीसारखं सांगत. ते शाळेत गेले, साठही घरं तपासली आणि हेडमास्तरांना म्हणाले, "मास्तर, बिनकुलपाचा माल पोचत नसते. एवढी भरली घरं उघड्यावर धाडता?"

कुणीही हसलं नाही. मीही नाही. ते आमच्या गावात इतकं रीतसर बोलणं होतं की हेडमास्तरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी साठ पोरांनी साठ दारं बंद करून त्यांवर बाहेरून साठ कुलपं काढली. वडील मागे उभे राहून लहान कुलपं मोठी करून घेत होते. मग किल्ल्यांचा प्रश्न आला. किल्ली मालाबरोबर ठेवली तर कुलपाला अर्थ काय? म्हणून किल्ल्या वेगळ्या कागदावर काढल्या, त्यांना नंबर घातले आणि त्या रजिस्टर पोस्टाने जातील असं ठरलं. वडिलांनी पार्सलचा फॉर्मही आधीच भरून ठेवला. मालाचं वर्णन, "घरे, नग साठ, भरलेली, कुलूपबंद". स्टेशन मास्तरांनी तो दोनदा वाचला, वडिलांकडे पाहिलं आणि फक्त वजन किती एवढंच विचारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये सुतळ्या बांधून चित्रं टांगली. पाहुणे म्हणून जिनिंग-प्रेसचे शेठजी आले. फीत दारात बांधायची तर दार उघडं ठेवावं लागलं असतं, आणि बाहेर शिपायाच्या दोन शेळ्या खळीच्या वासाने सकाळपासून घुटमळत होत्या. म्हणून फीत स्टेजवरच दोन खुर्च्यांना बांधली आणि शेठजींनी ती बसल्या जागेवरून कापली. शिंप्याची मोठी कात्री टेबलावर राहिली. दाराची वरची कडी लावून घेतली.

मुलीला हार घालून खुर्चीत बसवलं होतं. तिच्या शेजारी मी. हेडमास्तरांनी सकाळीच मला बाजूला घेऊन बजावलं होतं की कार्यक्रम संपेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही, तिच्या भल्यासाठीच. मीही तो पक्का धरला होता. तिच्या भल्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं, बक्षीस देणाऱ्याचं मन राखायचं होतं.

शेठजी भूकंपावर बोलायला लागले आणि तिथून कापसावर आले, कारण ते कशावरूनही कापसावरच येत. लांब धाग्याच्या कापसाचे गुण ते सांगत असताना मालगाडी आली. हॉल स्टेशनापासून जवळच. खिडक्यांची तावदानं थरथरली, सुतळ्यांवरची साठ घरं एका वेळी डोलायला लागली. कुणाचं लक्षही गेलं नाही. माझ्या हातातला तिचा हात तेवढा गार पडला.

ती हळूच म्हणाली, "सोड." मी नाही सोडला. ती पुन्हा म्हणाली, "सोड की गं." मी आणखी घट्ट धरला. मग ती वाकली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी हात सोडला तो असा. पुढे काहींनी मला त्याबद्दल चांगलं म्हटलं, म्हणून खरं काय ते सांगितलं.

ती धावत दाराशी गेली. कडी उंच होती. तिने दोनदा उडी मारली, हात पोचला नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, लघवीले लागली असंन पोरीले. हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, जागेवर बस. सगळ्या हॉलला माहीत होतं की तिने दार उघडलं की तिची शाळा संपली. तिलाही माहीत होतं. ती दाराला पाठ लावून आमच्याकडे पाहत राहिली, मग स्टेजपाशी आली, शेठजींच्या पुढ्यातली कात्री उचलली आणि पहिल्या सुतळीकडे गेली. शेठजींनी धोतर सावरून पाय वर घेतले.

तिने पहिल्या चित्राच्या दाराला वरून आणि कडेने कात्री लावली आणि दार उघडून मागे दुमडलं. कुलपासकट. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. काही लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांना काय करावं ते सुचेना, कारण ती दारं उघडत होती हे खरं, पण नियम केला होता तो या दारांबद्दल नव्हता.

सातवं चित्र माझं होतं. माझ्या दाराला कात्री लागली आणि मी किंचाळले. माझं चित्र खराब केलं, हिला काढून टाका शाळेतून, असं मी भर सभेत म्हणाले. हे शब्द माझेच होते, कुणी शिकवले नव्हते.

ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती.

"तुझ्या घरात बाळ हाय," ती म्हणाली. "आन् भाईरनं कुलूप."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खिडकीत माझं गोंडस बाळ होतं आणि दारावर वडिलांनी मोठं करून घेतलेलं कुलूप होतं. शेजारच्या घरात आजोबा होते, कुलपात. त्याच्या शेजारी दोन बहिणी, कुलपात. इतके दिवस इतक्या मोठ्या माणसांनी ती चित्रं हाताळली होती.

हेडमास्तर खाली उतरून तिच्यापाशी आले. बाळ, असं का करतेस, असं त्यांनी विचारलं. महिनाभर छड्या मारताना हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. ती त्यांच्याकडे न बघता, पुढच्या चित्रात कात्री घालत बोलली.

"पान्याला गेलते म्या. त्यो मागं मागं येईल म्हनून भाईरनं कडी लावलीती. मग जिमीन हालली. कडी निघंना."

हॉलमध्ये कापसावरचं भाषण अर्धवट राहिलं होतं ते राहिलंच. कागद लोंबते असल्यामुळे तिला ते नीट कापता येत नव्हते. माझे वडील उठले, तिच्याजवळ गेले आणि एकेक चित्र दोन्ही हातांनी ताणून धरायला लागले. कुलपांचा सगळा घाट त्यांचाच होता. आई पदर तोंडाशी धरून बसली होती. हेडमास्तर दाराशी गेले आणि त्यांनी वरची कडी काढली.

दार उघडताच शेळ्या आत आल्या. एकीने पिंजाऱ्याच्या मुलीचं घर गादीसकट खाल्लं. तिला हाकलावं असंही कुणाला वाटलं नाही.

बक्षीस मलाच मिळालं. ठरलेलं होतं आणि शेठजींना ते दिल्याशिवाय निघता येत नव्हतं. नको म्हणण्याइतकी मी मोठी नव्हते, घेतलं. घरी आल्यावर आईने, वडिलांनी रजिस्टर करायला आणून ठेवलेले किल्ल्यांचे सगळे कागद चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी पार्सल गेलं. वडिलांनी जुना फॉर्म फाडून नवा भरला होता, "घरे, नग एकोणसाठ, दारे उघडी, मालकाच्या जोखमीवर". असा माल त्यांनी सबंध नोकरीत तोवर कधी बुक केला नव्हता.

राहिला हेडमास्तरांच्या शब्दाचा प्रश्न. दार उघडलं तर नाव कमी, हे ते बोलून चुकले होते आणि बोललेलं मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सुतार बोलावला आणि आमच्या वर्गाचं दार बिजागऱ्यांतून काढून घेतलं. दारच नाही तर पोरगी उघडणार काय? पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी दार कुठे आहे असं विचारलं तेव्हा, दुरुस्तीला काढलंय, असं त्यांनी न अडखळता सांगितलं.

काढलेलं दार ठेवायला शाळेत जागा नव्हती. फरशी बर्फासारखी गार, म्हणून ते वर्गातच जमिनीवर आडवं टाकलं आणि आम्ही मुली त्यावर बसायला लागलो. सागवानी दार, ऊब चांगली होती. ती मात्र त्यावर बसली नाही. शेजारी फरशीवर बसायची, पाय पोटाशी घेऊन, थंडीने ओठ निळे पडले तरी. आठ दिवस आम्ही तिला ये म्हटलं नाही. मी तर नाहीच. मला तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

नवव्या दिवशी शुद्धलेखन चालू असताना ती पाटी घेऊन उठली. दाराच्या कडेला उभी राहिली. वाकून हाताने त्याची लाकडी कडा चाचपली, कडीची रिकामी भोकं होती तिथे बोट घातलं, काढलं. मग एक पाय टेकवला, मग दुसरा, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी सरकून जागा दिली.